तीस अक्षरांची डागडुजी

माझा मामेभाऊ आमच्याकडे येतो तो नेहमी शेवटच्या एस.टी.ने. दिवेलागणीनंतर तो मामांबरोबर गावाहून निघतो, साडेनऊच्या सुमारास आमच्या स्टँडवर उतरतो, आणि परत जाताना उजाडायच्या आत पहिली गाडी पकडतो. आता तो तेरा वर्षांचा आहे, आठवीत शिकतो, आणि बुद्धिबळात मला सहज हरवतो. त्याच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर काळे-तपकिरी ठिपके इतके दाट आहेत की नवखा माणूस त्याच्याकडे दोनदा पाहतो आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहू लागतो. नाकाच्या शेंड्याजवळ टाक्यांचा एक पांढुरका वण आहे. तो नऊ वर्षांचा असताना तिथली एक गाठ मुंबईच्या डॉक्टरांनी काढली. ती कर्करोगाची होती.

गेल्या जूनमध्ये मामांनी मला एक काम सांगितले. "तुझं मराठी चांगलं. शाळेला एक अर्ज लिहून दे." मजकूर साधाच होता. मुलाला मैदानावरच्या प्रार्थनेतून आणि कवायतीतून सूट मिळावी, वर्गात त्याला खिडकीपासून दूर बसू द्यावे, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, रुंद टोपी आणि गॉगल वापरण्यास परवानगी असावी. मराठी विशेष स्तराच्या विद्यार्थिनीला अर्ज लिहिणे ते काय अवघड! अर्ध्या तासात लिहून दिला. आठवड्याने शाळेचे उत्तर आले. त्यात एकच ओळ होती : सदर आजार संसर्गजन्य आहे किंवा कसे, याचा सविस्तर खुलासा करावा.

'नाही' एवढे एका शब्दाचे उत्तर खरे तर पुरले असते. पण 'सविस्तर खुलासा' लिहायला बसले आणि लक्षात आले की मला यातले काहीच ठाऊक नाही. घरात या आजाराची दोन कारणे चालत आलेली होती. आजीच्या मते मामीने दिवस गेलेले असताना ग्रहण पाळले नव्हते. गल्लीतल्यांच्या मते हे मागच्या जन्मीचे काही देणे होते. मामीचे स्वतःचे मत कोणी कधी विचारलेच नव्हते. डॉक्टरांच्या कागदावर मात्र एवढेच लिहिलेले होते : झेरोडर्मा पिग्मेंटोझम, गट सी.

पहिल्या दोन शब्दांचा अर्थ कोशात सापडला. 'कोरडी त्वचा' आणि 'रंगाने भरलेली'. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मॉरिझ कापोझी यांनी १८७०च्या दशकात या रोगाचे पहिले वर्णन केले. कोड्यात टाकले ते 'गट सी' या अक्षराने. कसला गट? आणि मग ए आणि बी कुठे आहेत? हे विचारायला मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेले. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेल्या मुलीला त्यांनी पाच संध्याकाळी बसवून शिकवले. पुढे जे बरोबर लिहिले आहे ते त्यांचे, जे चुकले असेल ते माझे.

आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाची एक अतिशय बारीक दोरी असते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. एका पेशीतली सगळी दोरी सरळ केली तर ती सुमारे दोन मीटर भरते. ही दोरी दोन पेडांची. त्या पेडांवर चार प्रकारची अक्षरे ओळीने लागलेली असतात : अॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. त्यांना आपण अ, थ, ग आणि स म्हणू. एका पेडावर अ असेल तर समोरच्या पेडावर थ असलाच पाहिजे, ग असेल तर समोर स. आईकडून आलेल्या अशा जोड्या सुमारे ३०० कोटी आणि वडिलांकडून आलेल्या तितक्याच. या अक्षरांतच पेशीने काय बनवायचे, कधी बनवायचे, आणि कधी थांबायचे हे लिहिलेले असते. कर्करोग म्हणजे बहुतेक वेळा थांबण्याची वाक्ये खोडली गेल्याचा परिणाम.

शाळेत असताना माझी अशी समजूत होती की डीएनए म्हणजे शिलालेखासारखी पक्की, न बदलणारी वस्तू. प्राध्यापक महाशय हसले. म्हणाले, तो शिलालेख नाही, पावसात भिजणारी वही आहे. टोमास लिंडाल या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की नुसत्या पेशीतल्या पाण्याने आणि उष्णतेने रोज एकेका पेशीतली सुमारे दहा हजार अक्षरे गळून पडतात. यात ऊन धरलेलेच नाही. कडक उन्हात दिवस काढला, तर उघड्या त्वचेच्या एकेका पेशीत लाखाच्या घरात जखमा होत असाव्यात असा अंदाज आहे. शेतात काम करणारी माणसे तरीही सत्तर-ऐंशी वर्षे जगतात. तेव्हा आश्चर्य आजाराचे नाही, निरोगीपणाचे आहे.

उन्हाची जखम नेमकी कशी होते ते पाहू. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. एकाच पेडावर दोन थ शेजारी शेजारी असले आणि असा किरण त्यांच्यावर पडला, की ते दोघे एकमेकांना बाजूने घट्ट चिकटतात. (कधी थ आणि स, कधी दोन स.) वर्गात शेजारी बसलेल्या दोघांनी तास चालू असताना एकमेकांच्या गळ्यात गळा घालावा, तसे हे. समोरच्या अ शी त्यांचे जे नाते असते ते बिघडते, दोरीला त्या जागी बाक येतो. पेशी दोन भागांत विभागताना डीएनएची नक्कल करणारे प्रथिन तिथे येऊन अडते, किंवा काहीतरी चुकीचे उतरवून पुढे सरकते. ती चूक मग कायमची.

निसर्गात यावर एक सुटसुटीत उपाय आहे. फोटोलायेज नावाचे एकच प्रथिन चिकटलेल्या जोडीवर बसते, प्रकाशातला निळा भाग शोषून घेते, आणि त्या बळावर जोडी सोडवते. अल्बर्ट केल्नर यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत याचा सुगावा लावला. अतिनील किरणांनी मरायला टेकलेले सूक्ष्म जीव साध्या उजेडात ठेवले की पुन्हा तग धरतात, असे त्यांना दिसले. जीवाणूंत हे प्रथिन आहे, झाडांत आहे, बेडकात आहे, कांगारूतही आहे. आपल्यात नाही. गर्भाशयात नाळेवर पिल्ले वाढवणाऱ्या सगळ्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या वाटेवर कुठेतरी गमावले. ज्या उन्हाने जखम होते त्याच उन्हाने ती बरी व्हावी, ही सोय बेडकाला आहे आणि माझ्या मामेभावाला नाही, हे ऐकून मला काय वाटले ते इथे लिहीत नाही.

आपल्याला मग दुसरी पद्धत वापरावी लागते. ती लांबलचक आहे. या वार्षिकाचे मुद्रितशोधन मी दोन वर्षे करते आहे, म्हणून मला ती चटकन समजली. खराब झालेली दोन अक्षरे जागेवर सोडवायची नाहीत. त्यांच्यासकट आजूबाजूचा तुकडाच कापून फेकायचा, आणि समोरचा पेड शाबूत आहे त्यावरून तो पुन्हा लिहायचा. अ च्या समोर थ, ग च्या समोर स. डीएनए दुपेडी का, याचे एक उत्तर मला या ठिकाणी मिळाले. एक प्रत खराब झाली तर ताडून पाहायला दुसरी हाताशी असते.

जीवाणू असे करतात हे १९६४ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी दाखवले. ओक रिजला सेटलो आणि कॅरिअर, येल विद्यापीठात बॉइस आणि हॉवर्ड-फ्लँडर्स. चिकटलेल्या जोड्या लांब दोरीतून नाहीशा होतात आणि बारीक तुकड्यांत सापडतात, एवढेच त्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ स्पष्ट होता. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स क्लीव्हर यांनी माणसाच्या पेशी घेतल्या. या रोगाबद्दल त्यांनी आधी वर्तमानपत्रात वाचले होते. (वर्तमानपत्र वाचण्याचा उपयोग नाही असे म्हणणाऱ्या मित्रांनी नोंद घ्यावी.) त्यांनी निरोगी माणसांच्या आणि झेरोडर्माच्या रुग्णांच्या त्वचापेशी काचपात्रात वाढवल्या, त्यांच्यावर अतिनील किरण सोडले, आणि किरणोत्सर्गी खूण केलेले थ त्यांना पुरवले. निरोगी पेशींनी ते नवे थ दुरुस्तीसाठी उचलले. रुग्णांच्या पेशींनी जवळजवळ उचललेच नाहीत. म्हणजे या मुलांचे ऊन वेगळे नव्हते, जखमाही वेगळ्या नव्हत्या. दुरुस्तीच होत नव्हती.

आता ज्या प्रयोगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो सांगते. १९७२ साल, हॉलंडमधले रॉटरडॅम. डिर्क बोटस्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी घेतल्या. दोघेही झेरोडर्माचे, दोघांच्याही पेशींना दुरुस्ती जमत नव्हती. या दोन पेशी त्यांनी एकमेकींत मिसळून एक केल्या, म्हणजे एकाच पेशीत दोन केंद्रके, एक या रुग्णाचे आणि एक त्या रुग्णाचे. मग त्यांच्यावर अतिनील किरण सोडले. आपण काय अपेक्षा करू? दोन आंधळे एकत्र आले म्हणून कोणाला दिसू लागत नाही. पण त्या जोडपेशीत दोन्ही केंद्रके दुरुस्ती करू लागली, आणि तीही निरोगी पेशीइतकी.

मी हे ऐकले तेव्हा प्राध्यापकांनी पुढे काही सांगितले नाही, मलाच विचारले, "याचा अर्थ काय?" मला दोन-तीन मिनिटे लागली. अर्थ असा, की दुरुस्ती हे एका प्रथिनाचे काम नाही. एकाच प्रथिनाचे असते तर दोघांकडेही तेच नसते, आणि एकत्र येऊन काही साधले नसते. एका रुग्णाकडे एक कारागीर नव्हता, दुसऱ्याकडे दुसराच. आपल्याकडे नाही तो त्याने दिला, त्याच्याकडे नाही तो आपण दिला, आणि टोळी पुरी झाली. प्रथिने कशी मिळून काम करतात ते प्रथिने डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी असे कळले, आणि तेही आजारी मुलांच्या पेशींकडून.

पुढे हाच खेळ वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांच्या पेशींवर झाला. ज्या दोघांच्या पेशी एकमेकींना बऱ्या करत नाहीत ते एका गटाचे, ज्या करतात ते वेगळ्या गटांचे. असे सात गट निघाले, ए पासून जी पर्यंत. शिवाय एक आठवा प्रकार, ज्यात दुरुस्ती ठीक असते पण जखमेवरून नक्कल पुढे नेणारे एक खास प्रथिन नसते. त्याचा उलगडा १९९९ मध्ये झाला. डॉक्टरांच्या कागदावरचा 'सी' तो हा. रोगाच्या नावातील आद्याक्षरांवरून प्रथिनांनाही नावे पडली : एक्सपी-ए, एक्सपी-बी, एक्सपी-सी. ज्या माणसाकडे ते नाही त्याच्या आजारावरून कारागिराचे नाव ठेवावे, हा प्रकार मला अजून थोडा विचित्र वाटतो.

आता ही टोळी काम कसे करते? एक्सपी-सी हा पहारेकरी. तो दोरीवरून चाचपत हिंडतो. गंमत अशी की तो जखमेला हातही लावत नाही. जखमेसमोरच्या शाबूत पेडावरची अक्षरे आपल्या जोडीदारांपासून सुटून लोंबत असतात, ती तो ओळखतो. यामुळे जखम कोणत्याही प्रकारची असली, उन्हाची की विडीच्या धुराची, तरी त्याला चालते. मात्र थ-थ ची जोडी दोरीला फारच थोडा बाक देते, ती त्याच्या हातून निसटू शकते. तिथे एक्सपी-ई त्याच्या आधी जाऊन बसतो आणि त्याला जागा दाखवतो. पहारेकऱ्याने वर्दी दिली की एक मोठे यंत्र येते, त्याचे नाव टीएफ-टू-एच. ते दहा प्रथिनांचे मिळून बनलेले आहे, त्यात आपले एक्सपी-बी आणि एक्सपी-डी दोघे आहेत. हे यंत्र त्या जागी दोरीचे पेड उलगडते. डी एका पेडावरून पुढे सरकू लागतो आणि जखमेपाशी अडतो. हे अडणे म्हणजेच पडताळणी. वर्दी खोटी निघाली, डी कुठेच अडला नाही, तर काम तिथेच थांबते आणि कोणी काही कापत नाही. एका पहारेकऱ्याच्या शब्दावर कात्री चालवायची नाही, हा नियम मला फार आवडला. आमच्या वार्षिकातही दुसऱ्याने पाहिल्याशिवाय कोणाचा परिच्छेद गाळत नाहीत.

पडताळणीच्या कामात एक्सपी-ए मदत करतो. आरपीए नावाचे प्रथिन शाबूत पेडाला कवटाळून बसते, म्हणजे चुकून तो कापला जाऊ नये. या सुमारास पहारेकरी निघून जातो. त्याचे काम संपले. मग दोन कातऱ्या येतात. एक एक्सपी-जी, दुसरी एक्सपी-एफ आणि ईआरसीसी-वन यांची जोडी. जखमेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. जी आधी जागेवर येऊन बसते, पण कापत नाही. एफ आधी कापते. लगेच त्या टोकापासून नवी अक्षरे लिहायला सुरुवात होते, आणि ती सुरू झाल्यावर जी दुसरा काप घेते. दोन्ही काप आधी घेऊन भगदाड उघडे ठेवत नाहीत, कारण उघडे भगदाड ही नवी जखमच. सुमारे तीस अक्षरांचा तुकडा निघून जातो. दोन खराब अक्षरांसाठी तीस! कंजूष माणसाला हे पटणार नाही. पण दुसऱ्या पेडावर मूळ मजकूर शाबूत आहे, मग अठ्ठावीस चांगली अक्षरे पुन्हा लिहायला काय हरकत? शेवटी लिगेज नावाचे प्रथिन सांधा जोडते, आणि तिथे कधी काही झाले होते याची खूणही उरत नाही.

जीवाणूंतली हीच पद्धत उलगडली ती तुर्कस्तानातल्या सावूर या लहान गावच्या अझीझ सांजार यांनी. शिक्षणाने ते डॉक्टर. अमेरिकेत पीएच.डी. झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्ही नाकारले गेले, तेव्हा त्यांनी येलमध्ये प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी धरली. तिथे १९८३ मध्ये त्यांनी दाखवले की जीवाणूंत फक्त तीन प्रथिने मिळून बारा-तेरा अक्षरांचा तुकडा कापतात. माणसाच्या पेशीत त्याच कामाला पुष्कळ जास्त प्रथिने लागतात. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने, आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड वुड यांच्या गटाने, शुद्ध केलेली प्रथिने परीक्षानळीत एकत्र करून हे काम पेशीबाहेर घडवून आणले. यादी पुरी झाल्याचा तो पुरावा. लिंडाल, सांजार आणि डीएनए उतरवताना होणाऱ्या चुका कशा सुधारल्या जातात ते शोधणारे पॉल मॉड्रिच या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मला पडलेला सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच होता. या टोळीचा मुकादम कोण? कोणी कोणाला बोलावले, कोणी कोणाला जायला सांगितले? आधी काही शास्त्रज्ञांनाही वाटत होते की ही सगळी प्रथिने एकत्र बांधलेली असावीत आणि तयार यंत्रासारखी दोरीवरून फिरत असावीत. १९९९ मध्ये रॉटरडॅमलाच एफच्या जोडीदाराला, म्हणजे ईआरसीसी-वनला, चकाकणारे शेपूट लावून जिवंत पेशीत पाहिले गेले. ही कात्री केंद्रकात एकटीच, मोकळी भटकत होती. जखम झाली की तिथे येऊन सरासरी चार मिनिटे थांबत होती आणि पुन्हा भटकायला निघून जात होती. म्हणजे टोळी आधीपासून बांधलेली नसतेच. प्रत्येक जखमेपाशी ती नव्याने जमते, एकेक करून, आणि मोडते. मुकादम कोणीच नाही. प्रत्येकजण काम करून दोरीला जो आकार देऊन जातो, त्या आकारातच पुढच्याला बसायला जागा होते. पहारेकरी बसल्याशिवाय यंत्राला जागा नाही, यंत्राने दोरी उलगडल्याशिवाय कातऱ्यांना जागा नाही.

या व्यवस्थेचे बळ तेच तिचे दुखणेही आहे. पहिलाच आला नाही तर बाकीचे सगळे हजर असून उपयोग नाही. माझ्या मामेभावाकडे पहिलाच नाही.

शाळेला मी दुसरे पत्र लिहिले ते हे समजल्यावर. त्यात मी जंतूंचा उल्लेखही केला नाही. लिहिले ते असे : विद्यार्थ्याच्या शरीरात उन्हाने झालेली झीज भरून काढणाऱ्या यंत्रणेतला एक भाग जन्मतःच नाही, तो शेजाऱ्याकडून येऊ शकत नाही आणि शेजाऱ्याला जाऊही शकत नाही. इतर मुलांच्या त्वचेला उन्हाने होते तेच याच्याही त्वचेला होते. इतरांचे बरेचसे भरून निघते, याचे साठत जाते. ढगाळ दिवशीही अतिनील किरण असतात, आणि साध्या काचेतून त्यांचा एक भाग आत येतो, म्हणून खिडकी नको. वीस वर्षांखालच्या अशा मुलांना त्वचेच्या सामान्य कर्करोगांचा धोका इतरांच्या दहा हजार पट असतो, हा आकडाही घातला. मामा म्हणाले, एवढे नको. मी म्हटले, असू दे. या आजाराला आजतरी मुळातून बरे करणारे औषध नाही. असलेला उपाय म्हणजे ऊन टाळणे, आणि तो औषधाच्या दुकानात नाही, शाळेच्या हातात आहे. उत्तर पंधरा दिवसांनी आले. मधल्या रांगेतला भिंतीकडचा बाक मिळाला. प्रार्थनेला तो वर्गातच उभा राहतो. खिडक्यांना किरण अडवणारा कागद मामांनी स्वखर्चाने लावला.

एक गोष्ट पत्रात नव्हती, ती इथे लिहिते. मामी ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे मामांनी आपल्या मामाची मुलगी केली, आपल्याकडे पुष्कळ घरांत करतात तशी. प्रत्येकाकडे एक्सपी-सी बनवण्याच्या मजकुराच्या दोन प्रती असतात, आईची एक, वडिलांची एक. एक चांगली असली की भागते, आजार होत नाही, आणि कळतही नाही. आजीच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या अशी एक बिघडलेली प्रत कोणाला न कळता चालत आली असणार. मामा आणि मामी या दोघांकडे ती एकाच घरातून आली आणि या मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून बिघडलेलीच आली. ग्रहणाचा संबंध नाही. मामीचा जितका वाटा तितकाच मामांचा, आणि दोघांचाही दोष नाही. याच कारणाने हा रोग जगात सगळीकडे सारखा नाही. पश्चिम युरोपात दहा लाखांत दोन-तीन मुले, जपानमध्ये सुमारे बावीस हजारांत एक.

आणि आमच्या घरात गेली दोन वर्षे माझ्या थोरल्या भावासाठी मामांच्या मोठ्या मुलीचे नाव घेतले जाते. ती निरोगी आहे, हुशार आहे, मला वहिनी म्हणून मनापासून आवडेल. प्राध्यापकांनी कागदावर हिशेब करून दाखवला. तिच्याकडे बिघडलेली प्रत असण्याची शक्यता तीनांत दोन. माझ्या भावाकडे चारांत एक, माझ्याकडेही तितकीच. दोघांकडे असली तर प्रत्येक मुलाला चारांत एक. गुणाकार केला की चोवीसांत एक. जनुक माहीत झालेले असल्यामुळे रक्ताची चाचणी करून हे 'शक्यता' शब्द काढून टाकता येतात. हे मी आईला सांगितले. आईने आजीला अजून सांगितलेले नाही.

या लेखाचा कच्चा खर्डा मी दिवाळीत मामेभावाला वाचायला दिला. रात्री गच्चीवर आम्ही दोघे बसलो होतो. तो रात्रीच गच्चीवर येतो. त्याने सगळे वाचले, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या, आणि विचारले, "माझ्याकडे पहारेकरी नाही. पण ए, बी, डी, एफ, जी हे सगळे आहेत ना?"

"आहेत."

"मग ते दिवसभर काय करतात? बसून असतात?"

हा प्रश्न मी प्राध्यापकांना विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारला. ते खूश झाले. म्हणाले, बसून नसतात. कॅलिफोर्नियात फिलिप हॅनावॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले, की पेशी जो मजकूर प्रत्यक्ष वाचत असते त्याची दुरुस्ती बाकीच्या मजकुरापेक्षा लवकर होते. वाचणारे प्रथिन जखमेपाशी येऊन स्वतःच अडकते, आणि ते अडकणे हीच वर्दी ठरते. तिथे एक्सपी-सी ची गरजच पडत नाही. दुसरी दोन प्रथिने उरलेल्या टोळीला बोलावतात. आणि टीएफ-टू-एच हे यंत्र तर मुळात वाचनाचेच आहे. १९९३ मध्ये स्ट्रासबुर्ग आणि रॉटरडॅमच्या शास्त्रज्ञांना कळले की वाचनासाठी दोरी उघडणारे आणि दुरुस्तीसाठी उघडणारे यंत्र एकच आहे. म्हणून बी किंवा डी मध्ये बिघाड असलेल्या काही मुलांना झेरोडर्मा होत नाही, त्यांचे केस ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते. ए गटातल्या अनेक रुग्णांची दोन्हीकडची दुरुस्ती बंद असते, आणि त्यांच्या मज्जापेशीही हळूहळू झिजत जातात. ऐकू येणे, चालणे कमी होत जाते. सी गटात सहसा तसे होत नाही. मज्जापेशी जे वाचते ते दुरुस्त होत राहते.

मी रात्री फोन करून त्याला हे सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे जे पान उघडलं जातं तेवढं माझंही दुरुस्त होतं."

"हो."

"मग ते लेखात घाल. तू पहिला आला नाही तर कुणाचा उपयोग नाही असं लिहिलंयस, ते चूक आहे."

ती ओळ मी वर तशीच ठेवली आहे. संपादक मंडळाने गाळायला सांगितली होती, पण चूक कुठे होती ते वाचकांना दिसावे असे त्याचे म्हणणे पडले.